आमसुलं घरी करताना: रातांबा फोडण्यापासून बरणी बांधण्यापर्यंत

दर वर्षी मृग लागला की मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. मे महिन्यात गावी येऊन हौसेने केलेली सोलं, म्हणजे आमसुलं, बरणीत तपकिरी पडलेली असतात. कुणाच्या सोलांवर लव धरलेली असते. कुणी म्हणतं, कढी नुसती आंबट होते, रंग काही चढत नाही. मी विचारते, "पुटं किती दिलीस?" पलीकडे जरा शांतता, आणि मग, "पुटं म्हणजे?"

सगळा घोटाळा इथेच होतो. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साल उन्हात वाळवली की आमसूल झालं, असं बहुतेकांना वाटतं. ती झाली नुसती वाळकी साल. रात्री मिठाच्या रसात मुरवलेली, दिवसा उन्हात वाळवलेली आणि हेच पाच ते सात वेळा सोसलेली साल म्हणजे आमसूल. भिजवण्या-वाळवण्याच्या या प्रत्येक फेरीला पुट म्हणतात. रंग, आंबटपणा आणि टिकाऊपणा या तिन्ही गोष्टी पुटांतून येतात.

खाली लिहिलंय ते आमच्या कुडाळ-वेंगुर्ला बाजूच्या घरांत होतं तसं. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. एखादी पायरी लांबली तर चालेल, पण गाळली तर पावसाळ्यात कळतं.

आधी दिवस मोजा

मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागतं, पण दक्षिण कोकणात वळवाच्या सरी त्याच्या पंधरा-वीस दिवस आधीही येऊ शकतात. मळभ तर त्याहून लवकर दाटायला लागतं. आमसुलांच्या एका खेपेला कडक उन्हाचे आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून उलटा हिशोब करा. मोठी खेप १० मेच्या आत सुरू झाली पाहिजे. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात चांगले पिकलेले रातांबे मिळत असतील तर आणखी बरं.

सुट्टी उशिरा मिळते आणि गावी पोचेपर्यंत २० मे उजाडतो, अशी बऱ्याच जणांची अडचण असते. त्यांना माझं सांगणं, त्या रातांब्यांची आमसुलं करायला जाऊ नका. आगळ (सालींचा मीठ घातलेला रस) करा, सरबताचा पाक करा. त्याला उन्हाची गरज नाही. दोन्हींच्या पायऱ्या पुढे दिल्या आहेत. अर्धवट वाळलेल्या सोलांची बरणी घेऊन परत जाण्यापेक्षा आगळाच्या चार बाटल्या नेलेल्या कितीतरी चांगल्या.

तयारी: भांडी, मीठ, जागा

कोकम फार आंबट. ते तांब्या-पितळेला, अॅल्युमिनियमला आणि लोखंडाला लागतं. रसाला धातूची चव येते, रंग काळपट होतो. त्यामुळे ही भांडी माळ्यावरच राहू द्या. रस ठेवायला स्टीलचं पातेलं, चिनी मातीची बरणी किंवा काच. खाण्याच्या वापराची जाड प्लॅस्टिकची बादली असेल तर तीही चालते. ढवळायला लाकडी डाव. कापायला स्टीलची सुरी. विळी घेऊ नका, कापलेल्या कडा काळ्या पडतात.

मीठ जाडं हवं. शिरोड्याच्या मिठागरातलं खडे मीठ मिळालं तर उत्तम, पण खडे मोठे असतील तर जाडसर कुटून घ्या, नाहीतर तळाशी बसून राहतात आणि तुम्हाला वाटतं मीठ विरघळलं.

वाळवायला शेणाने सारवलेलं खळं असेल तर त्यावर चटई आणि चटईवर जुनं सुती कापड किंवा धोतर. गच्ची असेल तरी हेच. सिमेंटवर थेट साली पसरू नका. आंबट रसाने सिमेंट खरवडतं, त्याची पूड सालीला चिकटते आणि गच्चीवर पडलेले डाग पुढच्या मे महिन्यापर्यंत दिसतात. नुसती ताडपत्रीही नको. तिच्यावर सालींना खालून घाम सुटतो.

आणखी एक रोवळी (निथळायची टोपली), एक मोठी चाळण, वरून झाकायला मलमलचं पातळ कापड. एवढं घरात आहे ना, ते आदल्या दिवशीच बघून ठेवा. फोडलेले रातांबे थांबत नाहीत.

पहिल्यांदा करत असाल तर पाच किलो रातांबेच घ्या. वीस किलो फोडून बसलेली माणसं तिसऱ्या दिवशी कंटाळतात आणि पुटं चुकवतात, हे मी फार वेळा पाहिलंय.

१. फळ निवडणं

आमसुलाला पूर्ण पिकलेलं फळ लागतं. सगळीकडून गडद लाल ते जांभळट, देठाजवळसुद्धा हिरवट पट्टा नाही, आणि अंगठ्याने दाबलं तर किंचित दबणारं. अर्धवट पिकलेल्या सालीत पिवळा चिकट चीक असतो. तो रसात उतरला की सोलं एकमेकांना चिकटतात.

झाडावर सगळी फळं एकदम पिकत नाहीत. झाड हलवून पाडलेल्या रातांब्यांत निम्मे तयार, निम्मे अर्धकच्चे असतात. त्यांचे दोन ढीग करा. रंग धरलेले अर्धकच्चे सावलीत पसरून दोन दिवस ठेवले की बहुतेक पिकतात. हिरवे बाजूलाच राहू द्या, त्यांना पिकवण्याच्या नादी लागू नका.

विकत घेताना सालीकडे बघा. आमसुलाला जाड सालीचं फळ हवं, गर भरपूर असलेलं नव्हे. एक रातांबा फोडून दाखवायला सांगा, सांगितलं की विकणारे फोडून दाखवतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली 'कोकण अमृता' ही जात जाड सालीची आहे. अलीकडे बागांतून तिची फळं मिळतात. जंगलातल्या झाडांचं मात्र प्रत्येकाचं वेगळं. आमच्या परड्यातल्या दोन झाडांपैकी एकाची साल एवढी पातळ की त्याचे सगळे रातांबे सरबतालाच जातात.

तपासा: भोक पडलेलं, वांदरांनी चावलेलं, जमिनीवर पडून फुटलेलं फळ आत्ताच काढून टाका. एक सडका रातांबा सगळ्या रसाला आंबूस वास लावतो, आणि तो वास मागाहून काही केल्या जात नाही.

२. धुणं आणि कोरडं करणं

धुवायचे ते अख्खे रातांबे. दोन पाण्यांतून काढा, रोवळीत निथळा, मग कापडावर पसरून पुसा आणि वारा लागू द्या. देठाच्या खोबणीत पाणी अडकून राहतं, तिथे बोट फिरवून बघा.

थांबा: फोडल्यानंतर साली कधीही धुवायच्या नाहीत. गर लागलेला दिसतो म्हणून कुणीतरी नळाखाली धरतंच. त्या पाण्याबरोबर रस जातो, आंबटपणा जातो आणि सालीत पाणी शिरतं. सगळ्या प्रक्रियेत बाहेरचं पाणी एकदाही लागत नाही.

३. फोडणं

रातांबा आडवा कापा, म्हणजे दोन वाट्या पडतात. सुरी फक्त सालीभोवती फिरवायची, आतल्या बिया कापायच्या नाहीत. मग दोन्ही हातांनी पिळल्यासारखं करून वाट्या सोडवायच्या. बियांसकट गर बोटाने एका पातेल्यात, वाट्या दुसऱ्या पातेल्यात. वाटीला आतून थोडा गर राहिला तरी हरकत नाही.

बसण्याआधी हाताला खोबरेल चोळा आणि जुने कपडे घाला. हा रंग कपड्याचा जात नाही. बोटांवरचा चार दिवसांत जातो.

पातेल्यातल्या गराचं आणि सालींचं वजन वेगवेगळं करून कागदावर लिहून ठेवा. मीठ अंदाजाने घालणाऱ्या आज्यांच्या हातात पन्नास वर्षांचा सराव होता. आपल्याकडे काटा आहे, तो वापरू या.

४. रस सोडवणं

बियांसकट गर जितका असेल त्याच्या दर किलोला १५० ग्रॅम जाडं मीठ घाला. डावाने ढवळा, वर कापड बांधा आणि रात्रभर ठेवा. सकाळी गराला रस सुटलेला असतो. तो रोवळीत ओता, खाली पातेलं ठेवा आणि आपोआप गळू द्या, तास-दोन तास.

गर दाबून, चोळून पिळायचा मोह होतो. पिळू नका. पिळलेल्या गराचा चोथा रसात उतरतो, रस लिबलिबीत होतो आणि पुढे सालींवर त्याचा थर बसतो. त्या थरावरच पहिल्यांदा बुरशी येते.

रोवळीत उरलेल्या बिया टाकू नका, त्यांचं काम शेवटी आहे.

आता रसाकडे नीट बघा. तो फिकट गुलाबी, जवळजवळ पांढुरका असतो. नवखा माणूस इथेच घाबरतो. पण रातांब्याचा रंग गरात नसतो, सालीत असतो. साली या रसात भिजल्या की त्यांचा रंग रसात उतरेल, आणि तोच रस पुढच्या रात्री सालींना परत गडद करेल. दुसऱ्या पुटाला रस डाळिंबासारखा होतो, चौथ्याला जांभळा, आणि पातेल्याच्या कडेला चढलेली त्याची रेघ काळी दिसते. रस रोज गडद होतोय की नाही, हे बघत गेलात तर वेगळी परीक्षा लागत नाही.

५. पहिलं ऊन

इकडे रस सुटत असताना साली उन्हात असायला हव्यात. फोडल्या दिवशी ऊन उरलं असेल तर लगेच, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी. वाट्या उताण्या, म्हणजे आतली बाजू आकाशाकडे, एकमेकींना न चिकटता पसरा. दुपारी एकदा उलट्या करा.

पहिल्या पुटाआधी साली मऊ पडून सुरकुतल्या पाहिजेत. याला एक, फार तर दोन दिवस लागतात. ताजी साल पाण्याने भरलेली असते. तशीच रसात टाकली तर ती रस पिणार कुठे? उलट तिचं पाणी रसात जातं, मीठ पातळ होतं आणि तिसऱ्या दिवशी पातेल्यावर फेस दिसायला लागतो.

तपासा: साल बोटांत धरून दुमडा. पाणी सुटलं तर अजून ऊन द्या. दुमडून तशीच राहिली तर तयार. कडकड मोडली तर जास्त वाळली. जास्त वाळलेली साल रस हळू पिते, तिला पहिल्या पुटाला एक रात्र जास्त ठेवा.

६. पुटं देणं

हीच खरी पायरी, म्हणून सावकाश वाचा.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर साली गोळा करा. उन्हाने तापलेल्या असतात, अर्धा तास पडवीत पसरून निवू द्या. मग रसात घाला. वरून ताटली आणि ताटलीवर एखादा धुतलेला गुळगुळीत दगड ठेवा, म्हणजे साली तरंगणार नाहीत. रसाच्या वर राहिलेली साल भिजतही नाही, वाळतही नाही, ती सडते. दगड समुद्रावरून आणलेला असेल तर उकळून घ्या.

सकाळी साली चाळणीत काढा, रस पूर्ण निथळू द्या. चाळणीखालचा रस परत पातेल्यात. मग उन्हात पसरा. दुपारी उलट्या करा. संध्याकाळी गोळा करा, निवू द्या, पुन्हा रसात. असं पाच ते सात वेळा.

आमच्याकडे आई मोजत नसे. ती रस संपेपर्यंत पुटं देई. साली थोडा थोडा रस रोज पितात, काही उन्हाने आटतो, आणि सहाव्या-सातव्या दिवशी पातेल्यात जेमतेम वाटीभर, काकवीसारखा दाट रस उरतो. तो शेवटच्या दिवशी हाताने सालींना चोळायचा. पाच किलो रातांब्यांना हे बरोबर जमतं. रस जास्त उरला तर त्याचं आगळ होतं.

इथे होणाऱ्या चुका एकामागून एक सांगते, कारण बहुतेक फोन यांच्याबद्दलच असतात.

रस कमी पडला म्हणून पाणी घालणं. पाणी घातलं की मीठ कमी झालं आणि रस आंबायला मोकळा झाला. रस खरंच कमी पडत असेल तर आणखी किलोभर रातांबे फोडा, नाहीतर घरात गेल्या वर्षीचं आगळ असेल तर ते घाला.

रात्री साली बाहेरच ठेवणं. समुद्राकाठी रात्रीची हवा ओली असते, साली दिवसभरात वाळल्या त्यातलं निम्मं परत घेतात. त्यात दव आणि पाखरांचा उपद्रव वेगळा.

माश्या. कापड सालींवर थेट टाकलं तर ते चिकटतं. चार कोपऱ्यांना विटा ठेवून त्यावर मलमल ताणा.

आणि लागोपाठ दोन रात्री भिजवून, मधे ऊन न देता, दोन पुटं झाली असं समजणं. पुट म्हणजे भिजवणं अधिक वाळवणं. मधलं ऊन नसेल तर ते एकच पुट.

थांबा: मळभ आलं तर घाबरून ओल्या साली घरात पसरू नका. पंख्याखाली त्या चिकट होतात आणि दुसऱ्या दिवशी वास मारतात. मळभात सालीला सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे रस. साली रसात बुडवा, दर किलो सालीला मूठभर मीठ जास्त घाला, वर वजन ठेवा आणि ऊन पडेपर्यंत तशाच राहू द्या. दिवसातून दोनदा डावाने खालीवर करा. चार दिवस अशा राहिल्या तरी बिघडत नाहीत, फक्त सोलं जरा खारट होतात. सलग पाऊस लागला आणि घरात चूल असेल तर चुलीच्या वरच्या फळीवर चाळणीत ठेवून वाळवता येतात. धुराचा वास किंचित लागतो, आमच्याकडे तो कुणाला वावगा वाटत नाही.

७. शेवटची वाळवण आणि परीक्षा

शेवटचं पुट दिल्यावर सलग दोन-तीन दिवसांचं ऊन द्या. आता घाईने काढाल तर बुरशी, आणि विसरून जाल तर लाकडासारखी कडक सोलं, जी कढीत तासभर भिजली तरी सुटत नाहीत.

तयार आमसूल काळपट जांभळं दिसतं, चामड्यासारखं लवचीक असतं. मुठीत घट्ट दाबून मूठ उघडा. सोल हळूहळू उलगडलं पाहिजे आणि तळहात ओला होता कामा नये, फक्त मिठाची बारीक कणी आणि लालसर खूण राहिली पाहिजे. मोडलं तर सुकं झालंय, उरलेल्या रसाचा हात फिरवून सावलीत ठेवा. तळहाताला चिकटलं तर अजून एक दिवस ऊन.

एक तुकडा वाटीभर पाण्यात टाका. पाच मिनिटांत सालीभोवती गुलाबी ढग दिसायला लागला की काम झालं. पाणी पिवळट तपकिरी झालं तर पुटं कमी पडली आहेत. अशी सोलं टाकून देऊ नका, डाळीत आणि माशात चालतात. सोलकढीला मात्र नको.

८. बरणी बांधणं

उन्हातून आणलेली गरम सोलं थेट बरणीत भरू नका. रात्रभर ताटात, कापडाखाली निवू द्या. गरम भरली की बरणीला आतून घाम येतो.

बरणी चिनी मातीची किंवा काचेची, धुऊन उन्हात पूर्ण वाळवलेली. तळाला चिमूटभर जाडं मीठ, मग सोलं दाबून दाबून, वर पुन्हा थोडं मीठ. पत्र्याचं झाकण असेल तर झाकणाखाली जाड कागद किंवा कापड घाला, कारण पत्रा महिन्याभरात गंजून सोलांवर पडतो. वर दादरा, म्हणजे बरणीच्या तोंडावरचं कापड, बांधा.

तपासा: पाऊस सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी बरणी एकदा उघडा. सोलांवर पांढरं दिसलं की लोक घाबरतात. पांढरं दोन प्रकारचं असतं. मीठ असेल तर ते कणीदार असतं, बोटाला टोचतं, जिभेवर विरघळतं आणि वास स्वच्छ आंबट येतो. बुरशी लव असते, बोटाने पुसली जाते, हिरवट किंवा राखी झाक असते आणि कुबट वास येतो. मीठ असेल तर काही करायचं नाही. बुरशी आलेली सोलं पुसून, वाळवून परत भरू नका. ती आणि तिच्या आसपासची सगळी काढून टाका.

९. आगळ

पुटं देऊन उरलेला रस गाळून, दर लिटरला ५० ग्रॅम मीठ वाढवून बाटलीत भरला की घरच्या वापराचं आगळ होतं. पण मुद्दाम आगळच करायचं असेल, म्हणजे ऊन नसेल किंवा साली पातळ असतील, तर पद्धत वेगळी.

पिकलेल्या रातांब्यांच्या ताज्या साली घ्या. दर किलोला १५० ते १६० ग्रॅम मीठ. बरणीत एक थर साली, एक थर मीठ, असं भरत जा. पहिल्या दिवशी बरणी सुकी दिसते, पाणी घालावंसं वाटतं. घालू नका. दुसऱ्या दिवसापासून रस वर येतो. सात-आठ दिवस रोज कोरड्या डावाने तळापासून हलवा. मग गाळा, साली हलक्या दाबा आणि काचेच्या बाटलीत भरा. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, चार बोटं जागा सोडा. पहिला आठवडा बूच सैल ठेवा आणि बुडबुडे येतात का बघा. बुडबुडे आले तर मीठ कमी पडलंय. त्याच दिवशी मीठ वाढवा आणि फ्रीजमध्ये ठेवा. फेस आणि दारूसारखा वास आला असेल तर ते ओतून द्या.

उरलेल्या साली वाळवून आमटीत वापरता येतात. त्यांचा रंग आगळात गेलेला असतो, त्यामुळे त्यांना आमसूल म्हणून कुणाला देऊ नका.

१०. सरबताचा पाक

इथे टिकवायला मीठ नाही, म्हणून सगळं आणखी कोरडं आणि स्वच्छ हवं. एक किलो सालींना दोन किलो साखर. वाट्यांत साखर भरून बरणीत रचा, तळाला आणि अगदी वर साखरेचा थर. साखर वाचवायला बघाल तर पाक आंबेल. रोज एकदा हलवा. सात-आठ दिवसांत साखर विरघळते. तळाशी खडे उरले नाहीत ना ते बघा, मग गाळून भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि थोडं मीठ घाला. लवकर विरघळावी म्हणून बरणी गॅसवर चढवू नका, तापवल्याने रंग विटकरी होतो. पिताना एकाला पाच-सहा भाग पाणी.

स्वयंपाकात वापरताना

एवढ्या मेहनतीची सोलं स्वयंपाकात वाया जातात तेव्हा फार वाईट वाटतं, म्हणून थोडं त्याबद्दल.

आमसुलात मीठ आहे. तिखल्यात (माशाच्या तिखट कालवणात) आधी मीठ घालून मग सोलं टाकली की कालवण खारट झालंच. अर्धा किलो बांगड्यांच्या तिखल्याला चार-पाच सोलं पुरतात. ती आधी, मीठ चवीनंतर.

डाळ शिजायच्या आधी आमसूल घालू नका. आंबटात डाळ शिजत नाही, कितीही शिट्ट्या करा. शिजून घोटून झाल्यावर घाला आणि दोन उकळ्या येऊ द्या.

सोलकढीला सोलं कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून चोळा, पाणी गाळून घ्या, मग नारळाचा रस. नारळाच्या रसात मिसळल्यावर ती गॅसवर ठेवायची नाही, फुटते. गरम हवी असेल तर नारळाशिवायची फुटी कढी करा, तिला हिंग-मोहरीची फोडणी बसते आणि उकळली तरी चालते.

११. बियांचं मुठेल

रोवळीत राहिलेल्या बिया आता घ्या. पाण्यात चोळून गर काढा आणि कडक उन्हात वाळवा, हलवल्यावर खुळखुळ वाजेपर्यंत. याला आठवडा सहज जातो. त्या मग पावसाळ्यात सवडीने फोडल्या तरी चालतात, फक्त ओल लागू देऊ नका.

वरचं टरफल फोडून पांढरा गर काढा, कुटा, आणि भरपूर पाण्यात मंद आचेवर उकळा. तेल वर तरंगतं. ते डावाने अलगद काढून थंड पाण्याच्या वाटीत सोडा. गोठायला लागलं की मुठीत दाबून गोळा करायचा, म्हणूनच ते मुठेल. कुटलेला गर बारीक नसेल तर तेल फार कमी सुटतं, ही इथली नेहमीची चूक. दुसरी म्हणजे मोठ्या आचेवर उकळणं, त्याने तेल पाण्यात मिसळून पांढुरकं राहतं आणि गोळ्यात पाणी अडकतं. गोळा दाबताना पाण्याचा थेंब दिसला तर तो परत वितळवा, पाणी उडू द्या आणि पुन्हा थापा.

हे तेल साधारण ४० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे घरात सावलीत गोळा घट्टच राहतो. तो केळीच्या सुक्या पानात किंवा कागदात गुंडाळून ठेवा. पावसात शेतात चिखलात उभं राहून भेगाळलेल्या टाचांना तो दिव्यावर जरा शेकून रात्री चोळतात. टाचा आधी गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरड्या करा. ओल्या टाचेवर मुठेल बसत नाही.